वैतागाच्या दिवसांत समाधान कसं शिकावं: उपदेशक, आसाफ आणि पौलाच्या सोबतीनं

बढती यंदाही हुकली. बिल्डरनं ताब्याची तारीख पुन्हा पुढे ढकलली. मुलीचं लग्न ठरता ठरता मोडलं. कांदा बाजारात नेला आणि गाडीभाडंही सुटलं नाही. अशा गोष्टींना कोणी संकट म्हणत नाही, त्यामुळे धीर द्यायलाही कोणी येत नाही. कोणी आजारी असलं तर चर्चच्या मंडळीत नाव घेऊन प्रार्थना होते, कोणी वारलं तर घरी सांत्वनाची उपासना होते. वैतागलेल्या माणसाला मात्र "प्रभूचे आभार मान, सगळं ठीक होईल" एवढंच ऐकायला मिळतं, आणि तो आणखी एकटा पडतो.

पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, वैतागासाठी एक आख्खं पुस्तक आहे. जुन्या करारात नीतिसूत्रांच्या लगेच पुढे येणारं, बारा अध्यायांचं उपदेशकाचं पुस्तक. एका बैठकीत वाचून होतं, तासभरही लागत नाही. लिहिणारा स्वतःची ओळख दाविदाचा पुत्र, यरुशलेमातला राजा अशी करून देतो आणि दुसऱ्याच वाक्यात सगळं व्यर्थ आहे असं जाहीर करतो. पुढे तर मला जीविताचा वीट आला असंही म्हणतो (२:१७). मंडळीत यावर प्रवचनं कमी होतात, याचं मला नेहमी वाईट वाटतं. कारण हाच माणूस याच पुस्तकात सात वेळा सांगतो की खा, पी, आपल्या कष्टात आनंद मान, हे देवाच्या हातून आलेलं आहे (२:२४, ३:१२, ३:२२, ५:१८, ८:१५, ९:७, ११:९). वैताग आणि आनंद एकाच माणसाच्या तोंडी, एकाच पुस्तकात.

दुसरा साक्षीदार नव्या करारातला प्रेषित पौल. तुरुंगातून फिलिप्पैकरांना लिहिताना तो म्हणतो की ज्या स्थितीत मी असेन तिच्यात समाधानी राहायला मी शिकलो आहे (४:११). ज्यानं पाच वेळा एक कमी चाळीस फटके खाल्ले आणि ज्याचं तारू तीनदा फुटलं (२ करिंथ ११), त्यालाही हे शिकावं लागलं. समाधानी स्वभाव घेऊन तो जन्माला आला नव्हता. म्हणून ही शिकवणी आपल्यालाही लावता येते. खालच्या पायऱ्या त्यासाठी आहेत. त्या क्रमानं घ्या, उड्या मारू नका.

पहिली पायरी: आधी जेवा आणि झोपा

हे आध्यात्मिक वाटत नाही, पण एलीया संदेष्ट्याच्या बाबतीत देवानं हेच केलं. १ राजे १९ उघडा. कर्मेल डोंगरावर एवढा मोठा विजय झाल्यावर ईजबेल राणीची एक धमकी येते आणि हा संदेष्टा रानात पळून एका झुडपाखाली बसतो. "आता पुरे, माझा प्राण घे," असं म्हणून तो झोपी जातो. देवदूत त्याला उठवतो ते निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचा तांब्या देण्यासाठी. तो खातो, पितो, पुन्हा झोपतो. देवदूत पुन्हा उठवतो, पुन्हा खायला घालतो, कारण पुढची वाट लांबची आहे. यात कुठेही खरडपट्टी नाही, की विश्वास कमी पडल्याचा ठपका नाही. होरेब डोंगरावरचं संभाषण त्यानंतर, चाळीस दिवसांनी होतं.

म्हणून वैताग टोकाला गेलेला असताना आयुष्याचे निर्णय घेऊ नका. राजीनामा लिहू नका, भावाला तो लांबलचक मेसेज पाठवू नका. दोन-तीन रात्री नीट झोप आणि वेळेवर जेवण होऊ द्या. एवढ्यानंच अर्धा धुरळा खाली बसतो.

इथे एक गोष्ट गांभीर्यानं सांगते. उदासी आठवडे उलटूनही हटत नसेल, कशातच रस वाटत नसेल, जगणं नको असं मनात येत असेल, तर फक्त प्रार्थनेवर थांबू नका. डॉक्टरांकडे जा. सरकारची टेलि-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र चालते आणि तिथे मराठीतही बोलता येतं. एलीयाला भाकर देणारा देव औषध घेणाऱ्यावर रागावत नाही.

दुसरी पायरी: गाऱ्हाणं देवाला ऐकवा, पूर्ण आणि न सजवता

आपल्या प्रार्थना फार शहाण्यासारख्या असतात. पवित्र शास्त्रातली स्तोत्रं तशी नाहीत. तेरावं स्तोत्र "हे परमेश्वरा, किती वेळ?" या प्रश्नानं सुरू होतं आणि तोच प्रश्न पहिल्या दोन वचनांत चारदा येतो. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र तर अंधारातच संपतं, शेवटी उजेडाची एकही ओळ नाही, आणि तरीही ते पवित्र शास्त्रात आहे.

पण शिकण्यासाठी सगळ्यात चांगलं त्र्याहत्तरावं. आसाफ हा देवळातला गायक, आणि त्याला हेवा वाटतोय. दुष्ट माणसं धष्टपुष्ट आहेत, त्यांचं सगळं छान चाललंय, आणि मी मात्र आपलं मन उगाच स्वच्छ ठेवलं असं तो उघड म्हणतो (७३:१३). चर्चमध्ये वाद्य वाजवणाऱ्यानं आज असं बोललं तर काय होईल? आसाफ हे सगळं ओकून टाकतो आणि मग सतराव्या वचनाशी वळण येतं: देवाच्या पवित्रस्थानात जाईपर्यंत त्याला काही उमगत नाही. परिस्थिती तीच राहते, श्रीमंत श्रीमंतच राहतात. पण शेवटी तो म्हणतो की स्वर्गात मला तुझ्याशिवाय कोण आहे, आणि तू माझ्याजवळ असताना पृथ्वीवर मला दुसरं काही नको.

करायचं असं. वही घ्या. पानाच्या वर "हे देवा" लिहा, म्हणजे हे स्वतःशी कुढणं राहणार नाही. खाली जे आहे ते लिहा: कोणाचा राग आला, कशाचा हेवा वाटला, देवावरच चिडला असाल तर तेही. "मला शांती दे" असल्या गोलमोल शब्दांत गुंडाळू नका. "माझ्यानंतर लागलेला माणूस माझ्या वर गेला आणि मला झोप येत नाही" असं लिहा. मग ते पान मोठ्यानं वाचा, ज्याला लिहिलं त्याला ऐकवा. आभाराची ओळ आपोआप आली तर लिहा, नाही आली तर पान तसंच सोडा.

तिसरी पायरी: वैताग कोणत्या जातीचा आहे ते ओळखा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. आपण "कंटाळा आलाय" म्हणतो आणि त्या एका शब्दाखाली वेगवेगळी दुखणी लपतात. उपदेशक ती वेगळी करून दाखवतो, आणि प्रत्येकावर औषध वेगळं आहे. आपण लिहिलेलं पान समोर ठेवून पुढचं वाचा.

तुलनेचा वैताग. उपदेशक ४:४ मध्ये तो म्हणतो की माणसाचे सारे श्रम आणि कौशल्य शेजाऱ्याबद्दलच्या मत्सरातून निघतं. वाक्य कडक आहे, पण पान वाचून पाहा: त्यात दुसऱ्या कोणाचं नाव आहे का? असेल तर ते नाव झाकून वाक्य पुन्हा वाचा. मावसभावाची गाडी दिसली नसती, तर आपली दुचाकी आपल्याला कमी वाटली असती का? नाव काढल्यावर दुःख उरत नसेल, तर गाडीचं कर्ज काढून ते जाणार नाही.

पुरेसं न होण्याचा वैताग. पैशावर प्रेम करणाऱ्याची पैशानं तृप्ती होत नाही, संपत्ती वाढली की ती खाणारेही वाढतात, आणि कष्टकऱ्याला थोडं मिळो की फार, झोप गोड लागते. श्रीमंताला त्याची समृद्धी झोपू देत नाही (५:१०-१२). यावर पाचव्या पायरीत बोलू.

कष्टाचं नाव न झाल्याचा वैताग. नवव्या अध्यायात एक छोटीशी गोष्ट आहे. लहानसं नगर, थोडी माणसं, मोठ्या राजाचा वेढा. एका गरीब शहाण्या माणसानं आपल्या शहाणपणानं ते नगर वाचवलं, आणि नंतर त्याची आठवण कोणी ठेवली नाही. उपदेशक पुढे "पण शेवटी त्याला न्याय मिळाला" असं म्हणत नाही. शहाणपण बळापेक्षा बरं, तरी गरिबाचं शहाणपण तुच्छ मानलं जातं, असंच म्हणतो. घरात आयुष्यभर राबलेल्या बायांना, ऑफिसात दुसऱ्याच्या नावानं रिपोर्ट लिहिणाऱ्यांना ही गोष्ट मी आवर्जून वाचायला सांगते. नगर वाचलं होतं. श्रेय गेलं म्हणून केलेलं काम खोटं ठरत नाही. आणि ज्यानं ते पाहिलं, त्यानं ते पवित्र शास्त्रात लिहून ठेवलं.

गेलेल्या दिवसांचा वैताग. "पूर्वी असं नव्हतं." ७:१० म्हणतं की हा प्रश्न शहाणपणातून येत नाही. मिसरच्या गुलामीतून सुटून रानात आलेले इस्राएल लोक आठवा (गणना ११): मिसरात फुकट खाल्लेले मासे, काकड्या, खरबुजं, कांदे, लसूण हे सगळं त्यांना आठवलं. विटा थापल्या, पेंढ्याशिवाय तेवढ्याच विटांची सक्ती झाली, मुलगे नदीत टाकले गेले, हे आठवलं नाही. जुने दिवस आठवायचे तर विटांसकट आठवावेत.

अन्यायाचा वैताग. उपदेशक गांजलेल्यांचे अश्रू पाहतो आणि त्यांना सांत्वन देणारा कोणी नाही असं एकाच वचनात दोनदा म्हणतो (४:१). याला खरंच वेगळी पायरी लागते.

चौथी पायरी: अन्याय असेल तर समाधानाच्या नावाखाली गिळू नका

समाधानाची शिकवण अनेकदा गरिबाला, सुनेला, कामगाराला गप्प करायला वापरली गेली आहे. तसं करणं म्हणजे पवित्र शास्त्राचा गैरवापर आहे, हे मला ठामपणे सांगायचं आहे. याकोबाच्या पत्रात कापणी करणाऱ्या मजुरांची अडवलेली मजुरी स्वतः ओरडते आणि तो आवाज सेनाधीश परमेश्वराच्या कानी जातो (५:४). तिथे मजुरांना "समाधानी राहा" असं सुनावून मालकाला मोकळं सोडलेलं नाही.

आणि पौलाकडे पाहा. ज्या फिलिप्पै शहराला त्यानं समाधानाचं पत्र लिहिलं, त्याच शहरात त्याला चौकशीविना छड्या मारून, पाय खोड्यात अडकवून तुरुंगात टाकलं होतं (प्रेषितांची कृत्ये १६). मध्यरात्री तो आणि त्याचा सोबती सीला गीतं गात होते. सकाळी अधिकाऱ्यांचा निरोप आला की त्यांना सोडा. पौल निमूटपणे निघाला नाही. आम्ही रोमी नागरिक असताना चौकशीशिवाय आम्हाला चारचौघांत मारलं आणि आता गुपचूप घालवता? त्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर न्यावं, असं त्यानं बजावलं. अधिकारी आले आणि त्यांनी विनवणी केली.

रात्री गाणारा आणि सकाळी हक्क मागणारा माणूस एकच होता. तेव्हा पगार थकला असेल तर लेखी मागा. ताबा रखडला असेल तर महारेराकडे, म्हणजे राज्याच्या गृहबांधणी नियामकाकडे, तक्रार करा. घरात मारहाण होत असेल तर सुरक्षित जागी जा, ओळखीच्या माणसाला सांगा, १०९१ किंवा ११२ ला फोन करा. समाधानाचं काम एवढंच की निकाल लागेपर्यंत त्या लढाईनं आपलं आख्खं मन खाऊन टाकू नये.

पाचवी पायरी: "पुरे" म्हणजे किती ते ठरवा

उपदेशक ४:६ म्हणतं की कष्टांनी आणि वाऱ्यामागे धावण्यानं भरलेल्या दोन मुठींपेक्षा स्वस्थपणे भरलेली एक मूठ बरी. या वचनाच्या शेजाऱ्यांकडेही पाहा. आधीच्या वचनात हात जोडून बसून स्वतःचाच नाश करणारा आळशी आहे, आणि दोन वचनांनंतर ना मुलगा ना भाऊ असा एकटा माणूस आहे, ज्याच्या कष्टांना अंत नाही. आपण हे कोणासाठी करतो, हा प्रश्न त्याला पडत नाही. एक मूठ या दोघांच्या मध्ये आहे.

नीतिसूत्रे ३० मध्ये आगूर नावाचा माणूस एक प्रार्थना करतो, जी मी फार थोड्यांच्या तोंडून ऐकली आहे: मला दारिद्र्य देऊ नको आणि श्रीमंतीही देऊ नको. श्रीमंतीत तुला विसरेन, गरिबीत चोरी करेन. त्याला स्वतःचा स्वभाव माहीत होता.

नवरा-बायकोनं एक संध्याकाळ काढा आणि तीन गोष्टी लिहा: महिन्याला घर नीट चालायला किती लागतं, अडीअडचणीसाठी किती साठवायचं, आणि कुठल्या गोष्टीसाठी रविवार व मुलांची संध्याकाळ विकायची नाही. आकडा प्रामाणिक असू द्या. खरोखर कमी पडत असेल तर जास्त कमवायचा विचार करा, त्यात गैर काही नाही. पण आकडा गाठला असूनही जीव धावतच असेल, तर वैताग पैशाचा नाही हे लक्षात येईल आणि वही घेऊन तिसऱ्या पायरीवर परत जावं लागेल.

मान्न्याची, म्हणजे देवानं रानात इस्राएल लोकांना दिलेल्या अन्नाची, गोष्ट (निर्गम १६) यासाठी घरच्या उपासनेत वाचा. धण्यासारखा पांढरा, चव मधातल्या पोळीची. माणशी एक ओमर (तेव्हाचं एक माप), रोजचा रोज. उद्यासाठी ठेवला की किडे पडायचे, फक्त शब्बाथाच्या, म्हणजे विसाव्याच्या दिवसाच्या, आदल्या दिवशीचा टिकायचा. मुलांना ही गोष्ट लवकर कळते, कारण त्यांना डबा म्हणजे काय ते माहीत असतं.

सहावी पायरी: आजचा वाटा आजच घ्या

जा, आनंदानं आपली भाकर खा, कपडे शुभ्र असू दे, डोक्याला तेल असू दे, ज्या बायकोवर तुझं प्रेम आहे तिच्याबरोबर सुखानं राहा, जे काम हाती पडेल ते सगळ्या बळानं कर. हा उपदेशकाच्या नवव्या अध्यायातला सल्ला आहे आणि तो अगदी शब्दशः पाळता येतो. जेवताना फोन दुसऱ्या खोलीत. चांगले कपडे पाहुण्यांची वाट पाहत कपाटात ठेवायचे नाहीत. आठवड्यातून एकदा तरी जोडीदाराशी असं बोलणं, ज्यात हप्ता, शाळा आणि सासरमाहेर येत नाही. आणि समोरचं एक काम, लहान असलं तरी, नीट पुरं करणं.

लांबलेल्या प्रतीक्षेत हे सगळ्यात अवघड जातं. आखातात करारावर अडकलेला वसईचा किंवा गोव्याचा माणूस, सरकारी भरतीची वाट पाहणारा मुलगा, मूल होण्याची वाट पाहणारं जोडपं, या सगळ्यांना मी यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा २९ वा अध्याय वाचायला सांगते, पण पहिल्या वचनापासून. त्यातलं अकरावं वचन, तुमच्या हिताचे संकल्प मी जाणतो म्हणणारं, कॅलेंडरवर आणि फ्रेममध्ये सर्वत्र दिसतं. ते ज्या पत्रात आहे ते बाबेलातल्या बंदिवानांना लिहिलेलं आहे. त्याआधीच्याच अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा दोन वर्षांत सुटका असं सांगतो, आणि लोकांना तेच ऐकायचं होतं. यिर्मया सत्तर वर्षं म्हणाला. म्हणून घरं बांधा, मळे लावा, त्यांची फळं खा, लग्नं करा, ज्या नगरात नेलं आहे त्याचं हित पाहा. सुटका होईपर्यंत जगणं थांबवू नका. भाड्याच्या घरातही कुंडीत तुळस नाहीतर कढीपत्ता लावता येतो, शेजाऱ्यांची नावं माहीत करून घेता येतात.

सातवी पायरी: माणसं

फिलिप्पै ४:१३ हे वचन परीक्षेच्या आदल्या दिवशी पाठवलं जातं: सामर्थ्य देणाऱ्याच्या द्वारे मी सर्व काही करू शकतो. पौल तिथे भरल्या पोटी आणि रिकाम्या पोटी राहण्याबद्दल बोलतोय. आणि लगेच पुढच्या वचनात म्हणतो की तरीही माझ्या संकटात तुम्ही वाटेकरी झालात हे बरं केलंत. एपफ्रदीत त्यांची मदत घेऊन आला होता, आणि पौलापाशी असताना मरणाच्या दारी पोहोचेपर्यंत आजारी पडला होता. समाधानी माणसालाही माणसं लागतात, त्यांची मदत घेण्यात कमीपणा नाही. उपदेशकही सांगतो की एकापेक्षा दोघं बरी, एक पडला तर दुसरा उचलतो (४:९-१०).

तुमची वही जिला दाखवता येईल अशी एक व्यक्ती शोधा. चर्चचा पाळकच असावा असं नाही. ऐकल्या ऐकल्या उपाय न सांगणारी, आणि ऐकलेलं तालुकाभर न करणारी असली की झालं.

आणि कधी तुमच्यावर दुसऱ्याच्या वैतागाजवळ बसायची वेळ येईल. सगळं गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले, कोणी एक शब्द बोललं नाही (ईयोब २:१३). त्यांचं सगळ्यात चांगलं काम तेवढंच होतं. त्यांनी तोंड उघडलं तिथून बिघडलं, आणि शेवटी देवानं त्यांनाच चुकीचं ठरवलं (४२:७). तेव्हा जाताना डबा घेऊन जा. बसा. तो बोलेल तेव्हा मध्ये वचन घालू नका. प्रार्थना करू का, असं विचारून मगच करा. आणि त्याचा पगार थकला असेल, तर सोमवारी कामगार आयुक्तांच्या कार्यालयात त्याच्याबरोबर रांगेत उभे राहा.